पटाच्या दिवशी नाहीसा झालेला फुगा

१

पटाच्या दिवशी दुपारी चार वाजता आम्हाला कळलं की फुगा जागेवर नाही.

फुगा म्हणजे हॉवरक्राफ्ट. ते नाव गावाने ठेवलं होतं. वडशाच्या समोर, नदीच्या चंद्रपूरकडच्या काठावर तो बनवणाऱ्या नीलिमाबाईंची पत्र्याची शेड होती. शेडसमोर रेतीवर तो उभा असायचा. बारा जवान बसतील एवढा मोठा. खाली सगळ्या बाजूंनी रबरी कापडाची झालर. झालरीत हवा भरली की तो जमिनीपासून हातभर वर उचलला जायचा आणि मग पाणी, रेती, चिखल त्याला सारखंच. नावेला पाणी लागतं, गाडीला घट्ट जमीन लागते. याला दोन्ही लागत नव्हतं. नीलिमाबाई सांगायच्या की समुद्रातल्या जहाजावरून जवान किनाऱ्यावर उतरवायचे असले तर साधी बोट फार थोड्या ठिकाणी लागते, पण हा जवळजवळ कुठेही चढतो. मी तो पहिल्यांदा पाण्यावरून सरळ रेतीवर चढताना पाहिला तेव्हा माझ्या हातातली कात्री खाली पडली होती.

माझं नाव रामाजी. मी वडशाला नाटकाचे पडदे शिवतो. खरं म्हणजे मी कापायचो, शिवायची माझी बायको गुणाबाई. हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांचा मोसम असतो, तेव्हा आमची मशीन बंद व्हायची नाही.

मागच्या वर्षी सैन्याची समिती फुगा पाहायला आली होती आणि दोन कारणं सांगून परत गेली. एक, झालर चिखलात फाटली. दोन, आवाज फार लांब जातो, काठावरच्या शत्रूला तो यायच्या कितीतरी आधी कळेल. नीलिमाबाई वडशाच्याच. फाटलेली झालर घेऊन त्या आमच्या दुकानात आल्या. गुणाने ती उलटीपालटी केली आणि म्हणाली, "बाई, हे तुमी खालची कड दुमडून शिवली. दुमडीत रेती भरते. रेती कापड कापते. कड मोकळी ठेवा अन् शिवण आतून घ्या."

नीलिमाबाईंनी ते वहीत लिहून घेतलं. एवढ्या शिकलेल्या बाईने गुणाचं बोलणं लिहून घेतलेलं मी पाहिलं. श्रावणात गुणाने नवी झालर शिवून दिली. भादव्यात आठ दिवसांच्या तापाने ती गेली. ते तिचं शेवटचं शिवणकाम.

समिती पुन्हा येणार होती, पटानंतर तिसऱ्या दिवशी. झालरीला काही झालं तर टाका घालायला कोणी हवं म्हणून नीलिमाबाईंनी मला महिनाभर शेडवर ठेवलं होतं. टाके मला नीट येत नाहीत. पण मी गेलो. घरी करण्यासारखं काही नव्हतं.

आमच्याकडे पट म्हणजे शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत. त्या दिवशी गावात कोणी काम करत नाही. आम्हीही शेड बंद करून गेलो. मैदान खालच्या अंगाला अर्ध्या कोसावर. भोंग्यावर जोड्यांची नावं पुकारत होते. गावातल्या मुखरूची जोडी तीन वेळा पुकारली, ती आली नाही, आणि लोक चुकचुकले, कारण सगळ्यांनी पैजा तिच्यावर लावल्या होत्या.

चारला परत आलो तर शेडसमोर मोकळी रेती. जिथे फुगा उभा असायचा तिथे जाऊन नीलिमाबाई नुसत्या उभ्या राहिल्या. मी करंजीच्या झाडाखाली गेलो. रोज मी तिथे बसून बिडी ओढायचो. खाली रेतीतच बसलो.

मग मी रेती पाहिली. चाकाची खूण नव्हती. माणसाचं पाऊल नव्हतं. शेडपासून पाण्यापर्यंत दहा-बारा फूट रुंद पट्टा झाडून काढल्यासारखा साफ होता.

"तो स्वतःच्या हवेवर गेला," नीलिमाबाई म्हणाल्या. "कोणीतरी तो चालवत नेला." आणि त्या फुगा चालवणाऱ्या सुरजकडे वळल्या. "किल्ली कुठे आहे?"

सुरजने खिशात हात घातला. किल्ली त्याच्याच खिशात होती.

२

सुरज माजरीचा. बाप खाणीत डंपर चालवायचा. पोरगा काहीही चालवू शकायचा, आणि फुगा चालवणारा तो एकटाच होता. महिन्यापूर्वी त्याला दुसऱ्या एका कंपनीने बोलावलं होतं. ही गोष्ट त्याने लपवली होती आणि नीलिमाबाईंना ती बाहेरून कळली होती.

"पोलिसात गेलं तर समिती येणार नाही," नीलिमाबाई मला म्हणाल्या. "दुसऱ्यांदा नापास झालं तर तिसऱ्यांदा कोणी येत नाही, रामाजीभाऊ. माझी पाच वर्षं गेली. तुम्ही इथल्या लोकांना ओळखता. तुम्ही विचारा. परवा रात्रीपर्यंत."

"मले शोधाशोधीतलं काय समजते, बाई?"

"गुणाबाईंची झालर आहे त्याला," त्या म्हणाल्या.

पुढे मी वाद घातला नाही.

पहिला सुरजच. तो शेडमागे तोंड फिरवून बसला होता.

"तुमी बी इचारा," तो म्हणाला. "सगळेच मलेच पाहून राह्यले."

"पटावर कुठी होतास?"

"तुमच्या मागंच तर होतो, भाऊ. तुमी दोन डाव भजी खाल्ली. पैसे म्या देल्ले."

ते खरं होतं. मी पैसे द्यायचे विसरलो होतो.

"दुसऱ्या कंपनीचं काऊन लपवलं?"

"नाई म्हनून आलो होतो त्याइले. नाई म्हटलेली गोठ काय सांगाची?" मग तो जरा वळला. "एक गोठ आयका. मागचा पंखा चालू केला का नई आवाज वडशाच्या ठेसनावर आयकू जाते. आपुन अर्ध्या कोसावर होतो. तुमाले आयकू आला?"

नव्हता आला. भोंगा होता, लोक ओरडत होते, पण त्या पंख्याचा आवाज भोंग्यालाही दाबून टाकतो. पटावर दोन हजार माणसं होती. कोणीच ऐकला नव्हता.

दुसरा धनराज. तो खालच्या घाटावर डोंगा चालवायचा, माणसं इकडून तिकडे न्यायचा. फुग्यावर त्याचा राग होता. "हे तुमचं पाखरू सैन्यात जाईल तवा जाईल, आधी माह्यं पोट घेऊन जाईल," असं तो चारचौघांत म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा तो डोंग्यातलं पाणी उपसत होता.

"या जासूस," तो म्हणाला. "म्याच नेला तुमचा फुगा. डोंग्यात टाकून नेला. पाहा बरं, कोपऱ्यात असंल कुठी."

"धनराज, तू दिवसभर घाटावर होतास. तुले काई दिसलं नाई?"

"वळनाच्या वर दिसत नाई इथून. अन् काल मले मुताले सवड नव्हती. पटाची सारी मानसं म्याच आनली."

"आवाज?"

"त्या पंख्याचा? असता तर म्याच पयले पडलो असतो पान्यात." तो हसला. मग म्हणाला, "कायचाच आवाज नाई. थ्रेशर चालू होतं वरच्या अंगाले कोनाचं तरी, तेवढंच."

मी परत निघालो. सुरजजवळ किल्ली होती पण तो माझ्याजवळ होता. धनराजला राग होता पण तो दोनशे माणसांसमोर होता. नीलिमाबाईंनी मोटारसायकलवर माणसं पाठवली होती, वर आणि खाली, दहा-दहा कोसांवरच्या घाटांपर्यंत. कारण फुगा एकदा पाण्यात उतरला की तासाभरात कुठल्या कुठे जातो.

शेडवर बुधू चहा उकळत होता. बुधू आमचा मदतनीस, पलीकडच्या गडचिरोलीकडच्या जंगलातल्या गावचा. पंख्यात गेलेली रेती झाडायचं काम त्याचं. पटाच्या आदल्या दिवशी तो रजा घेऊन गावी गेला होता, आज सकाळीच परत आला. त्याने मला कप दिला आणि विचारलं, "बाई सुरजभाऊले काढनार का हो?"

"तसंच दिसते."

त्याच्या हातातलं भांडं कललं आणि उरलेला चहा चुलीत गेला.

३

संध्याकाळी मी शेडच्या दारात बसून झालरीचे उरलेले तुकडे लावत होतो. तुकड्यांवर गुणाचे खडूचे आकडे होते. आणि धनराजचं बोलणं मनात आलं. थ्रेशर चालू होतं, वरच्या अंगाला, कोणाचं तरी.

पटाच्या दिवशी.

मी उठून उभा राहिलो. पटाच्या दिवशी आमच्याकडे कोणी धान मळत नाही. बैल जुंपायचे ते पटावरच. मशीनही बंद. कोणी चालू केली तर गाव जाब विचारायला त्याच्या दारात उभं राहील. वरच्या अंगाला तशी चारच शेतं. चौघांनाही मी पटावर पाहिलं होतं, भजीच्या गाड्यावर.

मी नीलिमाबाईंकडे गेलो.

"बाई, फुग्यात इंजिन किती?"

"दोन. मागचं मोठं, पंख्याचं, पुढे ढकलणारं. आणि खालचं छोटं, झालरीत हवा भरणारं."

"छोट्याले किल्ली लागते?"

"नाही. हँडल मारून सुरू होतं. साधं डिझेल इंजिन आहे, शेतातल्या—" त्या थांबल्या.

"थ्रेशरले असते तसं," मी म्हणालो.

"हो. पण भाऊ, त्याने तो फक्त उचलला जातो. पुढे जात नाही. जागेवर तरंगत राहतो."

"वढला तर?"

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. "ओढला तर... एकदा उचलला की वजन राहतच नाही. आम्ही दोघे-तिघे ढकलून फिरवतो की शेडमध्ये."

"मंग त्याले कोनी चालवत नेलं नाई. वढत नेलं."

"पण पावलं कुठे आहेत? ओढणाऱ्याची पावलं नकोत?"

हे मला लगेच कळलं, कारण मी आयुष्यभर मंचावर झाडू मारून मागे सरकणारी माणसं पाहिली आहेत. झाडणारा मागे सरकला तर त्याची पावलं झाडूखाली येतात आणि पुसली जातात.

"वढनारे पुढं होते," मी म्हणालो. "फुगा त्याइच्या मागून आला. झालरीखालून हवा निघते ना? तिनं त्याइचे पाय पुसले."

नीलिमाबाई खुर्चीवर बसल्या. "म्हणजे तो वीस मैलांवर नाही."

"अर्ध्या कोसात हाय. मानसानं पान्यातून अन् रेतीतून वढत किती न्यावं? अन् मानसं बी नसतील. बैल असतील. वाहत्या पान्यात दम लागते."

मला भोंग्यावर तीन वेळा पुकारलेलं नाव आठवलं.

मुखरूच्या गोठ्यात दिवा होता. त्याची जोडी गावातली सगळ्यात देखणी, पांढरी, मापाची. मुखरू बैलांना ढेप चारत होता.

"पटावर दिसला नाईस, मुखरू."

"उजव्याचा पाय मुरगळला, भाऊ."

"पाहू."

"रातचं काय दिसते?"

मी बैलाच्या अंगावरून हात फिरवला. चारही पाय सारखे टेकून तो उभा होता. पाठीवर, खांद्यावर, पापण्यांत बारीक रेती. आणि कानात काहीतरी पांढरं. मी दोन बोटांनी ओढलं. कापूस होता. चांगला बोळा करून घातलेला.

"बैलाच्या कानात कापूस काऊन, मुखरू?"

मुखरू ढेप चारत राहिला. मग म्हणाला, "थंडी हाय."

"बैलाच्या कानाले?"

तो हसला, पण लगेच हसणं थांबलं. "भाऊ, तुमी जे इचारून राह्यले ते म्या सांगनार नाई. मले पोलिसाले द्या. त्याचं नाव म्या घेनार नाई."

म्हणजे आणखी कोणीतरी होता.

४

घरी मी जेवलो नाही. विचार करत बसलो. फुगा चोरून कोणी काय करील? विकता येत नाही. लपवता येत नाही. नुकसानच करायचं असतं तर ओढत कशाला नेला, जागेवरच काडी लावली असती. आणि मुखरूने पट सोडला. पट सोडणारा माणूस मी माझ्या आयुष्यात पाहिला नव्हता. पैशासाठी त्याने सोडला नसता, पटावरच त्याला जास्त मिळाले असते.

सकाळी लवकर शेडवर आलो. सवयीने करंजीखाली गेलो, बिडी काढली, आणि बसायला वाकलो. पुन्हा रेती लागली.

तिथे दगड होता.

आठ-दहा दिवस मी रोज त्या दगडावर बसत होतो. लांब, उभट, एका अंगाला सपाट. मला वाटलं होतं कोणी धुण्यासाठी आणून टाकला असेल. फुगा गेल्याच्या दिवशी मी रेतीत बसलो, आणि माझ्या ध्यानात आलं नाही की बसायला दगडच नाही. सगळे फुगा शोधत होतो. दगड कोणी शोधला नाही. पाच-सहा क्विंटलचा दगड.

आणि मग आणखी एक गोष्ट आठवली. आठवड्यापूर्वी बुधू झालरीखाली आडवा होऊन आत पाहत होता. मला म्हणाला, "भाऊ, याले चाक नाई ना?"

"नाई."

"आतून बी नाई? एक बी?"

"अरे हवेवर चालते. चाक कायले?"

तो खूप वेळ तिथेच आडवा राहिला होता. मला वाटलं, जंगलातला माणूस, त्याला नवल वाटलं असेल. मला स्वतःला तरी कमी वाटलं होतं का?

बुधू पंख्याची जाळी पुसत होता. पंखाच नव्हता, तरी पुसत होता. मी त्याच्याजवळ बसलो.

"बुधू, दगड कोनाचा?"

त्याने फडकं खाली ठेवलं. "बुधरीचा," तो म्हणाला.

बुधरी त्याची बायको. मागच्या उन्हाळ्यात वारली होती. मला माहीत होतं, आणि तरी इतक्या दिवसांत आम्ही दोघे त्याबद्दल एकदाही बोललो नव्हतो. मीही बोललो नव्हतो, तोही नाही.

"आमच्यात मेलेल्याच्या नावानं दगड उभा करतेत," तो म्हणाला. "आमच्या घराण्यात बाईचा दगड तिच्या म्हायेरून आनतेत. तिचं म्हायेर या काठाचं. माहा सासरा म्हनाला, दगड चाकावर चढवाचा नाई. खांद्यावर न्या नाईतर पान्यावरून. बारा जनाइनं खांदा देल्ला, इथंवर आनला. रेतीत उतरलो तर पाय गुडघ्यावर गेले. दोघं पडले. डोंग्यात टाकाले गेलो तर धनराजभाऊ म्हनाला, बुडंल. पुलावरून न्याचा तर ट्रॅक्टर लागते. ट्रॅक्टरले चाक हाय."

"अन् याले नाई."

"याले नाई," बुधू म्हणाला.

"मले इचारलं काऊन नाई? बाईले?"

"बाई समितीच्या धाकात. इचारलं असतं तर नाई म्हटली असती. नाई म्हटल्यावर नेलं असतं तर चोरी. न इचारता नेऊन सांजच्याले आनून ठेवलं असतं, तर कोनाले कळलंच नसतं." त्याने मान खाली घातली. "त्या बारा जनाइनंच दगड आत चढवून देल्ला, अन् म्या अन् मुखरूनं फुगा वढला. मदातच डिझल संपलं. त्या काठाले लागला अन् बसला. वजनानं लई डिझल खाल्लं. मंग भेव वाटला. तनस टाकून झाकला. मुखरू म्हनला सांगून टाक, माही हिंमत झाली नाई. पन सुरजभाऊले काढनार म्हनले तवा ठरवलं होतं, आज सांगतो."

"मुखरूनं पट सोडला तुह्यासाठी?"

"म्या नको म्हटलं त्याले. तो म्हनला, पट दरसाल भरते. बुधरी एकदाच मेली."

मी बिडी पेटवली. दोन वेळा काडी विझली. शेडच्या दारात पाय वाजले. नीलिमाबाई तिथे उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या, मला माहीत नाही.

५

बुधू उठला आणि हात जोडून उभा राहिला.

"तुला कळतं का काय केलंस?" नीलिमाबाईंचा आवाज चढला होता. "मी सुरजला काय काय बोलले! दोन रात्री मी..." त्या थांबल्या. एकदम दुसऱ्याच आवाजात म्हणाल्या, "दगड केवढा होता?"

"सा क्विंटल असंल, बाई."

"आणि रेतीवरून, धारेतून, पलीकडच्या चिखलातून गेला? झालर?"

"झालरीले काई नाई झालं."

"आवाज किती होता? बैल बुजले नाहीत?"

"कानात कापूस घातला. तसे ते मुखरूच्या थ्रेशरजवळच बांधले असतेत. त्याइले थ्रेशरच वाटलं."

नीलिमाबाई माझ्याकडे वळल्या. "धनराजलाही थ्रेशरच वाटलं."

"हो."

"अर्ध्या कोसावर दोन हजार माणसं होती, त्यांना काहीच वाटलं नाही."

"नाई."

त्या भिंतीला टेकल्या आणि हसायला लागल्या. मी त्यांना महिनाभरात हसताना पाहिलं नव्हतं. "वर्षभर मी त्या मागच्या पंख्याचा आवाज कमी करत बसले," त्या म्हणाल्या. "पाती बदलली, डबा घातला. पण शेवटचा टप्पा पंख्याशिवायच पार करायचा, हे मला सुचलं नाही. हे बुधूला सुचलं."

"मले नाई सुचलं, बाई," बुधू म्हणाला. "माह्याजवळ किल्ली नव्हती."

त्यावर सुरजही हसला. तो कधी आला ते कळलं नव्हतं. नीलिमाबाईंनी आमच्या सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. मोठ्या माणसांना हे जमत नाही, त्यांना जमलं. सुरज म्हणाला, "माफी राहू द्या, डिझल कुठी हाय ते सांगा."

आम्ही कॅन घेऊन धनराजच्या डोंग्यातून पलीकडे गेलो. तो पैसे घेईना. "चोराले सोडवाचे पैसे घेत नाई," म्हणाला. तनसाचा, म्हणजे पेंढ्याचा, ढीग काढला. आत फुगा होता आणि फुग्यात दगड.

मी आधी गुडघ्यावर बसून झालर पाहिली. ती सुट्या पाकळ्या जोडून केलेली, अठ्ठेचाळीस पाकळ्या. एकेक हातात घेतली. चिखल सुकून त्यावर पापुद्रा आला होता, तो नखाने काढला. दोन पाकळ्यांना ओरखडे होते. शिवण एकही उसवली नव्हती. खालच्या कडेत रेतीचा कण नव्हता. माझ्या हातचं असतं तर त्या वजनाखाली कुठेतरी सुटलं असतं, हे मी कापणारा म्हणून सांगतो.

"कशी आहे?" नीलिमाबाईंनी विचारलं.

"शाबूत हाय," मी म्हणालो.

दगड दहा जणांनी मिळून उतरवला आणि काठावर मोहाच्या झाडाखाली ठेवला. नीलिमाबाई बुधूला म्हणाल्या, "उद्या चाचणी होऊ दे. मग बघू." बुधूने मान हलवली. मग सुरजने पंखा सुरू केला आणि फुगा नदीवरून परत आला. आवाज एवढा होता की पलीकडच्या काठावरची गुरं पळाली.

६

समितीत तीन अधिकारी होते. त्यातले वयाने मोठे साहेब फार कमी बोलायचे. नीलिमाबाईंनी त्यांना रेतीत, नदीकडे पाठ करून उभं राहायला सांगितलं. "फुगा येताना ऐकू आला की हात वर करा," त्या म्हणाल्या. मागच्या वर्षी याच साहेबांनी तो वळणावर असतानाच हात वर केला होता.

सुरजने लांब, वळणाच्या मागे, मोठा पंखा बंद केला. तिथून सहा जवान दोर घेऊन धारेत उतरले. बैल नीलिमाबाईंनी नको म्हटले होते, मुखरू त्यावर रुसला होता. नुसत्या छोट्या इंजिनावर फुगा आत बसलेल्या सहा जणांसह त्यांच्या मागून आला. पाण्यातून निघाला, चिखलावर आला, एक ओंडका झालरीखालून सरकला आणि पाकळ्या त्याच्यावरून वाकून पुन्हा सरळ झाल्या. मी काठावरून पाहत होतो.

साहेबांचा हात खालीच होता. बुटांवर रेती उडाली तेव्हा ते वळले. मागे फुगा दहा पावलांवर होता.

"आवाज येत होता," ते हिंदीत म्हणाले. "मला वाटलं शेतात मशीन चालू आहे."

मुखरू माझ्या कानाशी म्हणाला, "सायबाच्या कानात बी कापूस घातला का, भाऊ?" मी त्याला कोपर मारलं.

दोर ओढणाऱ्या जवानांची पावलं त्यांनी रेतीवर शोधली. पाण्यापासून फुग्यापर्यंत एकही नव्हतं. ते खाली बसले, झालर हातात घेतली, आतली शिवण अंगठ्याने दाबून पाहिली आणि विचारलं, "हे कुठल्या कारखान्यात शिवलं?"

नीलिमाबाईंनी माझ्याकडे बोट केलं. मी म्हणालो, "वडशाले. गुणाबाईनं." त्यांच्या कागदावर त्यांनी ते नाव लिहिलं. अक्षरं नीट आहेत का ते मी वाकून पाहिलं. नीट होती.

त्या गोष्टीला आता दीड महिना झाला. समितीचं पत्र आलं आहे. फुगा समुद्रावर न्यायचा आहे, लाटांमध्ये पाहायचा आहे. त्यासाठी दुसरी झालर लागेल. ती मी शिवतोय. अठ्ठेचाळीसपैकी अकरा पाकळ्या झाल्या, त्यातल्या चार मला उसवून पुन्हा कराव्या लागल्या. सुरज तिथेच आहे. धनराजला नीलिमाबाईंनी चाचणीच्या दिवसांचं डोंग्याचं काम दिलं आहे, तरी तो फुग्याला शिव्या देतोच.

बुधूचं गाव पलीकडच्या काठापासून तीन कोस आत आहे. वाट जंगलातली, चढाची. फुगा तिथे चालत नाही, झाडं आडवी येतात. खांदेच लागतील, निदान सोळा. चौदा जण तयार झाले आहेत. त्यात मुखरू आहे, सुरज आहे, आणि मी आहे. मोहफुलं वेचून झाली की न्यायचं ठरलं आहे. अजून दोन खांदे मिळालेले नाहीत, आणि दगड त्या काठावर आडवाच आहे.